माळावर भरलेले ट्रेनिंग कॉलेज

यमुनाबाईंची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मला घरी परत पाठवायचे जवळजवळ ठरले होते. बेळगावात स्त्रियांसाठी ट्रेनिंग कॉलेज नुकतेच निघत होते आणि पहिल्या वर्गासाठी मुली हव्या होत्या. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यातून माझे वडील, आप्पा, मला घेऊन आले होते. आम्ही जैन शेतकरी. घरात तंबाखू आणि जोंधळ्याचे पीक. लग्न होऊन वर्षाच्या आत मी विधवा झाले व माहेरी परतले, तेव्हा आप्पांनी लोकांच्या बोलण्याकडे काणाडोळा करून मला गावातल्या मुलांच्या शाळेत मागच्या बाकावर नेऊन बसवले. तिथे झालेल्या इयत्ता हीच माझी पुंजी.

प्रवेशाच्या वेळी कमिटीतील एका गृहस्थांनी मला धडा वाचायला सांगितला. तो मी न अडखळता वाचला. पण त्यांनी काही विचारले, की माझ्या तोंडून गावचे ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ निघे. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, की ही मुलगी उद्या पोरांना हेच शिकवणार. मी मान खाली घातली. आप्पांनी तर पागोटे सारखे करून निघायची तयारीही केली. तेवढ्यात टेबलाच्या कडेला बसलेल्या एका तरुण बाईंनी मला आमच्या घरच्या कानडीत नाव विचारले, गाव विचारले, घरी कोण कोण आहे ते विचारले. मी भराभर बोलू लागले. मग त्या कमिटीकडे वळून म्हणाल्या, “निपाणीकडच्या शाळेत अशाच घरांतल्या मुली येतील. त्यांचं बोलणं जिला समजतं, ती बाई आपल्याला आयती मिळते आहे. पुस्तकी भाषा मी शिकवीन तिला.”

त्या यमुनाबाई. आम्ही सगळ्या मुली त्यांना आक्का म्हणतो.

आक्का मूळच्या खानापूरच्या. त्यांनाही लहान वयातच वैधव्य आले. धाकट्या भावाने हट्ट धरला म्हणून पुण्यास जाऊन त्या शिकल्या आणि बेळगावास शिक्षिका झाल्या. स्वतःविषयी त्या इतके कमी बोलत, की एवढी माहितीसुद्धा आम्हांला पुढे इतरांकडूनच कळली.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. आम्ही लहान मुलांच्या वर्गावर सरावाचे पाठ घेत असू, तेव्हा इतर परीक्षक खुर्चीवर बसून टिपणे काढीत. आक्का मुलांच्या रांगेत मांडी घालून बसत. एकदा मी बेरजेचा पाठ घेत होते आणि मनातून फार खूश होते. मध्येच आक्कांनी बोट वर केले आणि अगदी आमच्याकडच्या बोलीत म्हणाल्या, “बाई, मला न्हाई समजलं.” मुले खो खो हसली. मी पुन्हा सांगितले. आक्का पुन्हा म्हणाल्या, न्हाई समजलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की हातचा का घ्यायचा हे मी सांगितलेच नव्हते. आज मी निपाणीच्या मुलींच्या शाळेत शिकवते, आणि दुसरी-तिसरीतली एखादी पोर गप्प दिसली, की तिच्याजवळ खाली बसते. हे बसणे आक्कांचे आहे.

वसतिगृहात जैन अशी मी एकटीच होते. दिवस मावळल्यावर आम्ही जेवत नाही, आणि कांदाही खात नाही. ही गोष्ट मी संकोचाने कुणालाच सांगितली नव्हती आणि दोन-तीन दिवस नुसते पाणी पिऊन निजले होते. तेसुद्धा सूर्य बुडायच्या आत प्यायलेले. आक्कांना हे कसे कळले कोण जाणे. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत माझे ताट दिवसाउजेडी वाढले गेले आणि माझी आमटी कांदा घालण्यापूर्वी बाजूला काढली गेली. त्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द उच्चारला नाही.

परंतु आमच्या वर्गाने आक्कांना खऱ्या अर्थाने ओळखले ते दुसऱ्या वर्षी. परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर आली असता बेळगावात उंदीर मरून पडू लागले. प्लेगची नुसती बातमी आली तरी पेठा ओस पडण्याचे ते दिवस होते. लोक घरांना कुलपे घालून शहराबाहेर झोपड्यांत राहायला गेले. कमिटीने वर्ग बंद करायचे ठरवले आणि मुलींच्या घरी निरोप धाडले. त्यात कुणाची चूक नव्हती. पण आम्हां मुलींना पक्के ठाऊक होते, की एकदा घरी गेलो की परत कुणी पाठवणार नाही.

आक्का त्याच दिवशी उचगावला गेल्या. तिथल्या सातेरीअण्णा नावाच्या शेतकऱ्याची मुलगी आमच्या सरावशाळेत शिकून गेली होती. तेवढ्या ओळखीवर आक्कांनी त्यांच्याकडे शेतालगतचा माळ मागितला, आणि त्यांनी तो दिला. कमिटीलाही आक्कांनी राजी केले. उरले पालक. आप्पा बैलगाडी घेऊन आलेच होते. त्यांनी आक्कांना सरळ विचारले, “बाई, पोरगी जगली तर शिकंल. तीच न्हाय राहिली तर मी शिक्षण घिऊन काय करू?”

आक्का म्हणाल्या, “तुमचं म्हणणं खरं आहे, आप्पा. पण तुमच्या गावातही उंदीर पडणार नाहीत असं नाही. माळावर मोकळी हवा आहे. आम्ही सगळ्या प्लेगची लस टोचून घेणार आहोत. आणि मी हिच्याजवळ राहणार आहे.”

टोचून घेण्याची त्या वेळी लोकांना प्लेगइतकीच धास्ती होती. आक्कांनी आप्पांच्या देखत पहिल्यांदा स्वतःचा दंड पुढे केला.  मग आप्पांनी गाडीचे बैल सोडले. मला घेऊन जाण्याऐवजी ते माळावर राहिले आणि आमच्या झोपड्यांची छपरे बांधून देऊनच गावी परतले.

माळावर वर्ग सुरू झाला. चिंचेच्या झाडाला फळा टांगला होता. सकाळी अभ्यास, दुपारी उचगावच्या मुलींना जमवून सरावाचे पाठ. सगळे सुरळीत चालले असताना काकतीच्या सुभद्रेला थंडी वाजून सडकून ताप भरला. सुभद्रा माझी जिवाची मैत्रीण. दुपारपर्यंत गावात बातमी गेली आणि मंडळी बांधावर येऊन उभी राहिली. सातेरीअण्णाही त्यांत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांच्याच घरात लहान मुले होती. झोपड्या आजच्या आज हलवा, असे लोकांचे म्हणणे पडले.

आक्कांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. तुमची भीती रास्त आहे, असे त्यांनी आधी कबूल केले. मग त्या म्हणाल्या, की डॉक्टर येऊन सांगेपर्यंत मी या मुलीला घेऊन माळाच्या पलीकडच्या टोकाला राहते. तिथून मी हलणार नाही आणि तिथे कुणी येणार नाही. प्लेगची गाठ निघाली तर बाकीच्या मुली इथून जातील. सातेरीअण्णा पुढे झाले आणि गावकऱ्यांना म्हणाले, “बाईंनी शबुद दिलाय. थांबूया.”

मी सुभद्रेजवळ बसते, असे मी आक्कांना विनवले. त्यांनी मला दूरच थांबवले. म्हणाल्या, “तुझ्या आप्पांना मी शब्द दिला आहे. फळा पूस आणि वर्ग बसव.”

त्यानंतर जे घडले ते आमच्यापैकी कुणी विसरणे शक्य नाही. आक्का पलीकडच्या झोपडीच्या दारात बसून, मोठ्याने ओरडून आम्हांला शिकवू लागल्या. मधे माळ आणि वारा. आम्ही चिंचेखाली कान देऊन लिहून घेत होतो. मधूनच त्या आत जाऊन सुभद्रेच्या कपाळावरची पट्टी बदलत, बाहेर येत आणि वाक्य तोडले होते तिथून पुढे सांगत. त्यांचा आवाज बसला, तेव्हा आम्ही आळीपाळीने पाठ घेतले आणि आक्का तिथूनच हात वर करून चूक दाखवू लागल्या. दिवस कलला, की त्या माझ्याकडे बघून जेवणाची खूण करीत. सातेरीअण्णांच्या घरून आलेली पेज सगळ्यांपासून लांब, एका दगडावर ठेवली जाई आणि आक्का ती उचलून नेत.

अखेर डॉक्टर आले. सुभद्रेच्या अंगावर गाठ कुठेच नव्हती. तो हिवताप होता. क्विनाइनने ती उठून बसली. आम्ही सगळ्या परीक्षेला बसलो आणि सगळ्या उत्तीर्ण झालो. सुभद्रा आज काकतीला शाळा चालवते.

यंदा आमच्या त्या पहिल्या वर्गाला पंचवीस वर्षे झाली आणि आक्कांना साठावे लागले. दोन्हींचे निमित्त करून आम्ही कॉलेजात जमलो. रेशनचे दिवस, तेव्हा कुणी गूळ आणला, कुणी तांदूळ, आणि उचगावहून सातेरीअण्णांच्या मुलीने गाडीभर भाजी आणली. जेवणे झाल्यावर आक्कांचे धाकटे बंधू चार शब्द बोलायला उभे राहिले. बोलता बोलता ते म्हणाले, की त्या प्लेगच्या दिवसांत आमची आई खानापुरास वारली. आक्का माळावर वेगळ्या राहत होत्या त्याच दिवसांत. ते स्वतः बांधापर्यंत येऊन, दुरूनच आक्कांना हे सांगून गेले होते. आईचे शेवटचे दर्शन आक्कांना घडले नाही, कारण त्यांनी गावाला शब्द दिला होता.

 एके सकाळी कुणी गृहस्थ बांधावर येऊन गेले, हे आम्हांला आठवत होते. त्यानंतर आक्का थोडा वेळ आत गेल्या आणि बाहेर येऊन त्यांनी भूगोल सांगायला घेतला, हेही आठवत होते. सुभद्रा उठली आणि आक्कांच्या मांडीवर डोके ठेवून हमसून रडू लागली. तुम्ही तेव्हा आम्हांला का सांगितले नाही, असे मी त्यांना विचारले.

आक्का म्हणाल्या, “परीक्षा जवळ आली होती. तुम्ही सगळ्या रडत बसला असतात.” मग सुभद्रेच्या पिकू लागलेल्या केसांवरून त्यांनी हात फिरवला. “आता रडा. आता काही घाई नाही.”

आणि त्यांनी स्वतःच डोळ्यांना पदर लावला. आक्कांना रडताना आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले.

आक्कांनी आमच्यासाठी जे केले त्याची फेड होणारी नाही, आणि तसे म्हटलेले त्यांना आवडणारही नाही. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, हात-पाय चालते राहोत आणि आवाज खणखणीत राहो, एवढेच जिनेश्वरापाशी मागते. आमच्या शाळांतून आता त्यांच्या नातींच्या वयाच्या मुली शिकत आहेत. आक्कांनी एकेका शाळेत यावे, त्या मुलींच्या रांगेत बसावे आणि आम्ही शिकवू ते निवांत ऐकावे. जेवणाची वेळ झाली, की या खेपेस आम्ही त्यांना हाक मारू.