पिराजी मिस्त्रीने अडवलेली मोटार

येरमाळ्याच्या फाट्यावर पिराजी ओव्हाळनं पत्र्याचं गॅरेज टाकलं, तेव्हा पाटी रंगवणाऱ्यानंच त्याला सल्ला दिला होता. "देवीचं नाव टाका मिस्त्री. आडनाव कशाला? गिऱ्हाईक बिचकतं." पिराजीनं त्याच्या हातातला ब्रश घेतला आणि 'ओव्हाळ' ही तीन अक्षरं सगळ्यांत मोठी काढली. बारा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात त्यानं ट्रक उघडले होते, बांधले होते. तिथं त्याला कुणी आडनाव लपवायला सांगितलं नव्हतं, आणि इथंही तो लपवणार नव्हता.

गिऱ्हाईक बिचकलं, ते चार महिने. मग रस्त्यात अडकलेले ट्रकवाले यायला लागले, त्यांच्या मागून गावातले.

चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात दूध सोसायटीचे चेअरमन बब्रुवानराव यांची मोटार गॅरेजात आली. निजामाच्या राज्यात कुणा जहागीरदारानं घेतलेली ती लांबलचक अमेरिकन गाडी. बब्रुवानरावांच्या वडिलांनी ती हैदराबादेहून आणली होती. पेट्रोल महागलं, तसं तिला पोसणं चेअरमनलाही जड जाऊ लागलं. म्हणून त्यांनी एक डिझेल इंजिन लिलावात घेतलं. दुष्काळी कामावर खडी फोडायचं मशीन होतं, त्याचं. बहात्तर-त्र्याहत्तरला त्याच मशीनजवळ पिराजीची बायको चांगुणा वर्षभर पाट्या वाहत होती. इंजिन बैलगाडीतून उतरवताना तिनं ते लगेच ओळखलं.

"ह्यानं माझे कान गेलेत," ती म्हणाली. "आता चेअरमनला बसू द्या त्याच्या म्होरं."

"चैती यात्रेच्या आधी गाडी पायजे," चेअरमन म्हणाले. "दूध शीतकेंद्राच्या उद्घाटनाला मंत्री येणार हायेत. याच गाडीत आणायचेत."

पिराजीनं इंजिन बसवायला चौकटीला नवीन ब्रॅकेट केले, गिअरबॉक्स इंजिनाला जुळावा म्हणून मधे जाड पत्रा कापून जोडला, आणि पंधराव्या दिवशी इंजिन सुरू झालं. चेअरमन हौसेनं बघायला आले. पण इंजिन उचलून धरणाऱ्या साखळीवरून त्याचा भार सुटला आणि गाडीचं नाक चार बोटं खाली बसलं. स्टिअरिंग वळवलं तर चाक मडगार्डला घासायचं. उभ्या गाडीत ते फिरवताना चेअरमनचा ड्रायव्हर गुंडाप्पा, चांगला धिप्पाड गडी, घामाघूम झाला.

"इंजिन दुपटीनं जड हाय, साहेब," पिराजी म्हणाला. "पुढचे स्प्रिंगचे पाटे वाढवावे लागतील. चाकं वळतात त्या किंगपिन, शॉकअब्सॉर्बर नवे. स्टिअरिंगचा बॉक्सबी बदलायचा, ट्रकचा टाकायचा. महिना लागंल."

"इंजिन चालू झालं का न्हाय?"

"झालं."

"मग बाकीचं यात्रेनंतर बघू. उद्या गाडी वाड्यावर लाव."

"न्हाय लावत. येडशीच्या घाटात वळणार न्हाय ही."

चेअरमननं आजूबाजूच्या माणसांकडं पाहिलं. "तू आमाला शिकवतूस व्हय रे?"

"गाडीचं शिकवतोय. माझ्या हातची गाडी हाय. माणूस मेलं तर नाव माझंच निघंल."

चेअरमन गेले. पिराजी गाडीखाली शिरला आणि त्यानं स्टिअरिंगचा ड्रॉप आर्म काढला. स्टिअरिंग आणि चाकं यांना जोडणारा वीतभर लोखंडी हात तो. त्याच्याशिवाय स्टिअरिंग गरागरा फिरतं, चाकं हलत नाहीत. तो त्यानं चांगुणाकडं दिला. तिनं ज्वारीच्या कणगीत खुपसला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत चांगुणाच्या म्हशीचं दूध 'पातळ' निघालं. तिसऱ्या दिवशीही. मापाड्यानं मान वर न करता सांगितलं, "वरून तसंच सांगितलंय, बाई." चांगुणानं कळशी उचलली, तशीच हमरस्त्यावरच्या हॉटेलात नेली आणि तिथं रतीब लावून आली. पिराजीला वाटलं, आता ही म्हणेल, द्या टाकून तो तुकडा. ती म्हणाली, "आता तर अजिबात देऊ नगा."

आठवड्यानं चेअरमन बाहेरगावचा मेकॅनिक, सहा माणसं आणि गुंडाप्पाला घेऊन आले. पिराजी बाजूला झाला. "घेऊन जा. गाडी तुमची हाय. पण स्टिअरिंगचा काढलेला हात मी देणार न्हाय."

नवा मेकॅनिक गाडीखाली वाकून बघून आला. "मी बनवतो दुसरा. भंगारातला एखादा जुना कापून, वेल्डिंग करून लावू."

पिराजी त्याच्याकडं नाही, गुंडाप्पाकडं वळला. "स्टिअरिंगच्या कुठल्याबी दांडीला वेल्डिंग लावायचं नसतं. उतारावर तुटली, तर हातात नुसतं चाक राहतं. तुमी चालवणार हाव, म्हणून सांगतो."

गुंडाप्पानं गाडीच्या वाकलेल्या नाकाकडं पाहिलं. मग त्यानं गाडीची किल्ली चेअरमनसमोर धरली.

"मालक, मी न्हाय बसणार हिच्यात. मिस्त्री म्हणत्यात तशी होऊ द्या."

चेअरमननं किल्ली घेतली नाही. धोतराचा सोगा आवरून ते निघून गेले. गाडी गॅरेजातच राहिली.

मंत्री यात्रेच्या वेळी सरकारी जीपमधूनच आले. गावभर चर्चा झाली, पिराजीनं चेअरमनचं नाक कापलं. पिराजी तेव्हा जवळच्या वाशी गावच्या लोहाराच्या भात्यापाशी होता. मोडक्या टेम्पोचे पाटे तापवून तो त्यांना बाक देत होता. दर बाजूला तीन पाटे वाढले. भंगारातल्या ट्रकचा स्टिअरिंग बॉक्स त्यानं उघडून धुतला, बेअरिंगं बदलली आणि दांड्या इंजिनाच्या तळाला लागू नयेत म्हणून दोन बोटं पुढं बसवला. किंगपिन लातूरहून आणल्या. शेवटी चांगुणानं कणगीतला आर्म काढून दिला. बॉक्स बदलल्यामुळं तो आता बसत नव्हता. पिराजी हसला आणि ट्रकचाच घडीव आर्म लावला.

गाडी तयार झाल्यावर त्यानं निरोप धाडला: पहिल्या फेरीला मालकांनी स्वतः बसायचं. सगळ्यांना वाटलं, येणार नाहीत. ते आले, आणि मागं न बसता पुढं बसले. गुंडाप्पा मधे दाटीवाटीनं, स्टिअरिंगवर पिराजी.

घाटात तिसऱ्या वळणावर समोरून उसाची गाडी आली, बैल बुजून आडवे झालेले. पिराजीनं ब्रेक अर्धवट दाबत स्टिअरिंग डावीकडं भरभर फिरवलं. जुन्यापेक्षा दीड फेरा जास्त लागला, पण एका हातानं. गाडीचं नाक एकदा दबलं, उचललं आणि चाकं दगडी कठड्याला समांतर, हातभर अंतरावर थांबली. खाली दरी होती. बैल शांत होईपर्यंत कुणी हललं नाही.

"अजून जरा जड लागतंय," शेवटी चेअरमन म्हणाले.

"लागंल," पिराजी म्हणाला. "डिझेल हाय."

बब्रुवानरावांनी त्याचे आभार कधी मानले नाहीत. पुन्हा गाडीही पाठवली नाही. ती गुंडाप्पाच आणायचा, मालकाला न विचारता. पुढं सोसायटीचे टेम्पोही दुरुस्तीला आले, मग कारखान्याचे ट्रॅक्टर. ऐंशी साली मापाडी चांगुणाला बोलवायला घरी आला, म्हणाला, दूध घाला आता, वरून हरकत नाही. चांगुणानं त्याला चहा दिला आणि विचारलं, "वरून म्हंजे कुठून? त्यांनाच पाठवा इथं." तो चहा पिऊन गेला. दूध हॉटेलातच जात राहिलं.