कातडं न कापता

मन्नूबियाच्या हातची भाकरी ज्यानं खाल्ली नाही, त्यानं कार्थेजला येऊन केलं काय, देव जाणे. बिर्सा टेकडीच्या पायथ्याशी, घरामागच्या परसात तिची मातीची भट्टी. नवरा गेल्यावर त्याच भट्टीनं तिला बावीस वर्षं पोसलं. पण परस होतं दिराच्या, शाजलीच्या नावावर. त्याला एकाएकी तिथं गाडीसाठी शेड घालायची लहर आली. गाडी तरी कसली, चार माणसांनी ढकलल्याशिवाय हलायची नाही.

"वहिनी, भट्टी काढा. लेकीकडं जा स्फाक्सला. आराम करा आता."

जावयाच्या दारात कसला आलाय आराम. पण मन्नूबियाची जीभ जागेवर होती.

"भाऊजी, थोडी तरी जागा ठेवा. ईदच्या मेंढ्याच्या कातड्याएवढी."

पुदिन्याचा चहा पीत बसलेली गल्ली खो खो हसली. एलिसा राणीची गोष्ट इथं शेंबड्या पोरालाही पाठ. भावाच्या जाचाला कंटाळून ती जहाजानं आली, बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली, कातड्याच्या बारीक वाद्या कापून अख्ख्या टेकडीला वेढा घातला आणि नगर वसवलं. शाजली काही दुधखुळा नव्हता.

"घाला की वेढा राणीसारखा," तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "जेवढं घेराल तेवढं तुमचं. फक्त कातडं कापायचं नाही. एक चीरसुद्धा नको. सगळ्यांसमोर शब्द देतो."

ईद झाली. मन्नूबियानं कातडं समुद्रावर धुतलं, मीठ-तुरटी चोळली आणि गच्चीवर नेलं. नंतर महिनाभर ती वरच.

"वहिनी, वाढतंय का कातडं?" शाजली खालून विचारायचा.

"वाढतंय हळूहळू."

एका शुक्रवारी तिनं कातडं परसाच्या मधोमध अंथरलं. अखंड, आणि शाजलीच्या टकलासारखं गुळगुळीत. मग पिशवीतून सुताचा हा एवढा गुंडा काढला. महिनाभर चातीवर कातलेली त्याच मेंढ्याची लोकर.

"कातड्याला चीर नाही, नीट बघून घ्या," ती म्हणाली. "लोकरीबद्दल तुम्ही काही बोलला नव्हता."

सुताचं टोक अंजिराच्या झाडाला बांधून ती निघाली. भिंतीकडेनं, गाडीमागून, खुर्चीत बसलेल्या शाजलीच्या पाठीमागून फिरून परत अंजिराशी. गुंडा अजून अर्धा शिल्लक होता. गल्ली श्वास रोखून शाजलीकडं बघत होती. त्याचे कान लाल झाले. पण चारचौघांत दिलेला शब्द गिळायचा कसा?

"मग मी कुठं बसू?" शेवटी तो पुटपुटला.

"बसा की इथंच. भाकरी गरम आहे."

त्यानं ऑलिव्हच्या तेलात बुडवून दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरीला हात घालताना मात्र त्याला राहवलं नाही. "राणीचं शेवटी काय झालं माहितीय ना, वहिनी? आगीत उडी घेतली तिनं."

मन्नूबियानं भाकरी थापली, भट्टीत वाकून आतल्या भिंतीला चिकटवली आणि हात झटकले.

"ती राणी होती, भाऊजी. मला उद्याचं पीठ मळायचंय."