तिखटाचं अंडं

समजा, तुम्हाला एका अंड्यात तिखट भरायचं आहे. टोकाला बारीक भोक पाडायचं, त्यातून लाल तिखट आत सारायचं आणि भोक कणकेनं बुजवायचं. बोरी गावच्या मालनबाई त्या सकाळी नेमकं हेच करत होत्या.

कोंबड्यांच्या खुराड्यात रोज फुटलेलं अंडं सापडायचं. त्यांच्या नवऱ्यानं, भगवानरावांनी, घरच्या कुत्र्यावर आळ घेतला होता. टिप्याला देवगाव फाट्यावर सोडून यायचं म्हणून मोटारसायकलही बाहेर काढली होती.

"अवो, थांबा की जरा," मालनबाई म्हणाल्या. "यानं हे अंडं खाल्लं तर केकाटंल. मग खुशाल न्या."

तिखटाचं अंडं खुराड्यात ठेवून दोघं परसातल्या पेरूमागं बसले. थोड्या वेळानं टिप्या आला. त्यानं खुराड्यात तोंड घातलं. मालनबाईंनी पदर मुठीत आवळला.

"बघ तुझा लाडका चोर," भगवानराव कुजबुजले.

टिप्यानं अंडं हुंगलं, फटकन शिंकला आणि मागं सरला. तेवढ्यात त्यांची सगळ्यात गुणाची तांबडी कोंबडी आत शिरली. तिनं टोच मारून अंडं फोडलं आणि लालभडक बलक बघता बघता फस्त केला.

"आगं, ही तर घरभेदी निघाली की!" म्हणत भगवानरावांनी गाडी आत घेतली.

टिप्या वाचला होता. तरी मालनबाई तांबडीकडंच बघत राहिल्या. ती ना शिंकली, ना पाण्याकडं पळाली.

"अवो, घरच्या मिरचीचं लय जहाल तिखट हाय ते. हिला झोंबलं कसं न्हाई?"

कोंबड्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, हे मालनबाईंना कुठं ठाऊक होतं!