गोल सरांचं ‘अहो’

गोल सरांना टोक म्हणून काही सहनच व्हायचं नाही. फळ्यावर अणूंची साखळी काढली की तिचं शेवटचं टोक ओढून पहिल्याला जोडायचे आणि हातावरचा खडू झटकत म्हणायचे, "गोल करा, गणित सोपं पडतं." टपरीवर चहा पितानासुद्धा आम्ही फिजिक्सचे एम.एस्सी.वाले त्यांच्याभोवती गोल उभे.

सर मूळचे घोटीचे. शिकवताना अगदी पुस्तकी मराठी, पण कुणावर जीव जडला की "काय रे गाढवा!" ज्याला गाढव म्हणत नसत, तो बिचारा तोंड पाडून बसायचा. मी बाकाच्या कडेला बसायचो, म्हणून मी टोकाचा गाढव. चांगला मिरवायचो ते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. प्रकल्पासाठी मी सुपरकंडक्टरच्या एकेरी तारेचं गणित कॉम्प्युटरवर मांडलं आणि टोकं जोडायचं विसरलो. अशा तारेत शून्य ऊर्जेच्या आसपास काही दिसायला नको. माझ्या आलेखात तिथे दोन ठिपके ठाण मांडून बसलेले. सर हसले. "टोकं उघडी ठेवलीस की भुतं शिरणारच. गोल कर, गाढवा." केलं. भुतं गेली, मार्कही बरे मिळाले.

पुढे मी अंबडला एका कारखान्यात लागलो. एका रविवारी सर मखमलाबादला आमच्या मळ्यात हजर. आई-वडील झेंडू खुडत होते. सरांच्या हातात सायबर कॅफेतून छापून आणलेला शोधनिबंध. ती भुतं नव्हतीच, ते सांगत होते. तार एका विशिष्ट अवस्थेत गेली की ते ठिपके खरोखर तिच्या टोकांवर असतात. समजावण्यासाठी त्यांनी आम्हा तिघांना बांधावर रांगेत उभं केलं, हातात हात देऊन.

"दोन्ही कडांचे दोन हात रिकामे राहिले ना? ते दोन मिळून एक इलेक्ट्रॉन. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. आणि मी गोल करून तेही हात धरायला लावले."

मग ते माझ्याकडे वळले आणि चक्क हात जोडले. "तुमचं बरोबर होतं. माफ करा."

तुमचं! धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं. वडील धावले. "आवं सर, काय करता हे? पोरगं हाय तुमचं!"

"सर, मी फक्त जोडायचं विसरलो होतो," मी कसंबसं म्हणालो.

"असेल. पण तुम्ही दाखवलंत आणि मी पाहिलं नाही."

विसरभोळेपणाचा असा मान कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्या दिवसापासून मी ‘अहो’ झालो. कुठेही भेटले की "काय म्हणता? बरे आहात ना?" दर वेळी कानाची पाळी तापायची. एकदा न राहवून म्हणालो, "सर, गाढव म्हणा ना." ते खाली बघत म्हणाले, "आता जीभ वळत नाही हो."

शेवटच्या आजारपणात भेटायला गेलो, तर विद्यार्थी पलंगाभोवती गोल उभे होते. मी दारातच थांबलो. सरांनी डोळे उघडले, पायथ्याकडे बोट दाखवलं.

"या. टोकाला बसा."

सगळे बाजूला झाले. मी बसलो. सर उशाशी उभ्या असलेल्या नव्या विद्यार्थिनीला म्हणाले, "यांना पाणी आण गं, गाढवे."

पोरगी हसतच आत पळाली. तिने आणलेलं पाणी मी मान खाली घालून प्यायलो.