साठ सुयांनंतर उरलेलं कार्ड

आमच्या पाहणी ऑफिसचे किस्से मी जमवले नाहीत, ते आपसूकच साचले. चार मित्र बसले की एक निघतो, त्याला धरून दुसरा. शेवटचा मात्र मी घरी सांगत नाही, बायको चिडते.

सत्तरच्या दशकात सीताबर्डीवर कापड दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. काम एकच: खाणीतले कोणते मजूर आजारी पडतील, ते आधीच ओळखायचं. माणशी एक कार्ड. कडेला भोकं, भोकागणिक एक प्रश्न. उत्तर ‘हो’ असेल तर भोकाची कड कापायची. गठ्ठ्यातून लांब सुई घालून उचलली की ‘हो’वाली कार्डं खाली पडायची, ‘नाही’वाली लटकून राहायची.

साहेब म्हणायचे, जितकं विचाराल तितका माणूस कळतो. बारा प्रश्नांचे साठ झाले. एकदा त्यांनी स्वतः सुई घेतली. खोकलावाले काढले, ढीग पडला. त्यातून विडीवाले, मग विहिरीचं पाणी पिणारे. दहाव्या सुईला हातात एकच कार्ड.

“एवढ्या गठ्ठ्यात एकासारखा दुसरा नाही?”

हेडक्लार्क वानखेडे म्हणाला, “इतकं खोदून विचारल्यावर जो तो एकटाच सापडन ना, साहेब.”

* * *

मग साहेबांना शोध लागला: पूर्वेला दार असलेल्यांना दमा कमी!

वानखेडे म्हणाला, “साठ प्रश्न एकमेकाले लावून राहिलो आपण. काही ना काही जुळनारच.”

दुसऱ्या खाणीची कार्डं आली, त्यात नेमकं उलटं निघालं. तोवर साहेबांनी घराचं दार फिरवून घेतलं होतं.

* * *

एकदा प्रत्येक प्रश्नाचं जास्तीत जास्त लोकांनी दिलेलं उत्तर घेऊन आम्ही ‘सरासरी मजूर’ बनवला. गठ्ठ्यात शोधला, सापडला नाही. कार्ड भिंतीवर लावलं. रोज सकाळी ते भिंतीकडे तोंड करून असायचं. कोण उलटवतं ते कळलं नाही. मलाही त्याच्याकडे पाठ करून बसायला नको वाटायचं, खोटं कशाला बोलू?

* * *

कार्डं कापायला इंदिराबाई होत्या. त्यांचा भाऊ नामदेव सावनेरकडच्या खाणीत होता, महिनाभर खोकत होता. खाण सोड म्हटलं तर ऐकत नव्हता. बाईंनी त्याचं कार्ड काढलं आणि म्हणाल्या, “याच्यासारखा एखादा शोधून पाह्यते. तो बरा असन तर माहा जीव थाऱ्यावर येईन.”

“काहून मेहनत करता बाई? कोनी नाई निघत,” वानखेडे म्हणाला.

दुपारभर त्या सुया घालत राहिल्या. विसाव्या सुईपासून एकच कार्ड उरलं होतं, आणि ते साठाव्यापर्यंत टिकलं. दोन्ही कार्डं खिडकीत धरली, कडेच्या खाचा शंभर टक्के जुळत होत्या. नक्कल म्हणावी तर खाण वेगळी, माहिती घेणारा वेगळा, अक्षरही वेगळं.

पत्ता खापरखेड्याजवळचा होता. दुसऱ्या दिवशी मी बाईंसोबत गेलो. दारात त्या माणसाची बायको आली, कपाळ मोकळं. आम्ही ऑफिसातून आलो, एवढंच मी सांगितलं.

“ते तं वैशाखात गेले, भाऊ. खोकलाच होता. शेवटी दोन दिवस एकच धोशा, इंदीले बोलवा, इंदीले बोलवा.”

“बहीण का त्यांची?” मी विचारलं.

“त्याईले बहीण नव्हती. आमच्यात इंदी नावाचं कोनीच नाई.”

इंदिराबाईंनी पाणीही घेतलं नाही. सावनेरची बस पकडली, तडक खाणीवर गेल्या आणि पाळीला निघालेल्या नामदेवाचा हात धरून त्याला घरी घेऊन आल्या.