बोथट कट्यार आणि निलेशचे लाल डोळे

मी तलवारी बनवतो आणि माझ्या एकाही तलवारीनं आजवर साधी काकडीसुद्धा कापलेली नाही. याचा मला रास्त अभिमान आहे.

गैरसमज नको. वडगाव मावळात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जी हत्यारं आणि चिलखतं घडवतो, ती जुन्या लढायांचे प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींसाठी. ही मंडळी गडाच्या पायथ्याशी मावळ्यांच्या वेशात एकमेकांवर तुटून पडतात आणि संध्याकाळी एकाच टेम्पोत बसून मिसळ खायला जातात. सोमवारी सगळ्यांना कामावर हजर व्हायचं असतं! म्हणून माझ्या तलवारीची धार गोल, टोक चमच्यासारखं आणि आवाज तेवढा खणखणीत. लोक धार लावायला जितका वेळ घालवतात, त्याच्या दुप्पट मी ती मारायला घालवतो. (आमची सुनंदा म्हणते, "एवढा घाम गाळून बिनकामाची वस्तू बनवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही." तिचं माहेर सोमाटण्याचं. तिथं स्पष्टच बोलतात.)

तर माझ्या भाच्याचं, निलेशचं लग्न ठरलं. मुलगी बेडशाची, नाव प्राजक्ता. तिचे वडील तात्या म्हणजे शेतकरी गडी, आवाज असा की या बांधावरून बोलले तर त्या बांधावरचे बैल थांबावेत. त्यांच्या थोरल्या भावाला दारूनं नेलं होतं. तेव्हापासून त्यांचा त्या गोष्टीवर भयंकर राग. बोलणी करायला बसलो तेव्हा म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको. पोरगं निर्व्यसनी पायजे. उद्या कुटं वास जरी आला, तर भर मांडवातनं पोर माघारी नेईन. आदीच सांगून ठिवतो!"

आमचा निलेश खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेतो. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार असते आणि तिच्या टोकाला लिंबू टोचलेलं असतं. दृष्ट लागू नये म्हणून. शोभाताई, म्हणजे माझी बहीण आणि निलेशची आई, शेजारच्या घरची जुनी कट्यार मागून आणायला निघाली, तेव्हा मी तिला दारातच अडवलं.

"ताई, सख्खा मामा हत्यारं बनवतो आणि भाच्यानं उसनी कट्यार धरायची? लोक काय म्हणतील?"

"दिना, लग्नाच्या घाईत नवे उद्योग नकोत."

"तू फक्त बघ!"

मी महिनाभर खपलो. पितळी मूठ, तिच्यावर वेलबुट्टी, लाल मखमलीचं म्यान. पातं असं चमकायचं की सुनंदानं त्यात बघून टिकली लावली. आणि हातानं सवयीप्रमाणे टोक छान गोल केलं. इतकं सुरेख गोल टोक मी आयुष्यात काढलं नव्हतं!

लग्नाच्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर बँड लागला, वरातीची गाडी सजून उभी राहिली. मी ऐटीत म्यानातून कट्यार काढली. "वाऽ!" सगळे म्हणाले. सुनंदानं लिंबू पुढं केलं. मी टोक लावलं, दाबलं. लिंबू सटकलं ते थेट ताशेवाल्याच्या पायाखाली.

दुसरं लिंबू आलं. तेही सटकलं.

"मामा, सुरीनं भोक पाडून घ्यायचं का?" निलेश हळूच म्हणाला.

"सुरीनं?" माझा आवाज चढला. "माझ्या कट्यारीला सुरीची मदत?"

मग मी तिसरं लिंबू देवळाच्या कट्ट्यावर ठेवलं आणि सगळा भार देऊन दाबलं. नेमका त्याच क्षणी नवरदेव काय चाललंय ते बघायला खाली वाकला. लिंबू फुटलं. सगळा रस त्याच्या डोळ्यांत!

"आई गं!"

ताईनं घाईघाईत पदरानं डोळे पुसले. त्या पदराला हळदीकुंकू लागलेलं होतं. निलेशचे डोळे जे लाल झाले, ते सोमाटण्याचं मंगल कार्यालय येईपर्यंत पिकलेल्या टोमॅटोसारखे झाले. वर धारा चालूच. त्याला काही म्हणता काही दिसेना. मी एका बाजूनं धरलं, सुनंदानं दुसऱ्या बाजूनं, आणि गाडीतून उतरवलं. पायरी चुकली. दोनदा झोकांड्या गेल्या. समोर तात्या स्वागताला हात जोडून उभे. निलेशनं अदबीनं वाकून नमस्कार केला, तो त्यांच्या शेजारच्या क्लॅरिनेटवाल्याला!

बँड आपोआप थांबला.

"पोरगा पिऊन आलाय!" तात्या गरजले.

"नाही हो तात्या! डोळ्यांत लिंबू गेलंय," मी म्हणालो.

"लिंबू?" त्यांचा चेहरा आणखी काळवंडला. "आन् लिंबू कशापायी? चढलेली उतरवायला?"

झालं! मी खरं बोलत होतो आणि खड्डा खोल होत होता.

"कट्यारीला टोचताना उडालं हो."

"कट्यारीला लिंबू टोचाया काय ताकद लागतीया व्हय? आमी काय आंधळं हाय?"

"तात्या, ही कट्यार बोथट आहे. मीच बनवलीय. मुद्दाम बोथट बनवतो मी."

"मुद्दाम बोथट हत्यार?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की भाच्याबरोबर मामाही प्यायलेला आहे याची त्यांची खात्रीच पटलेली दिसली. मांडवात कुजबुज सुरू झाली. ताई खांबाला टेकून रडायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, आपण एखादी तरी वस्तू धारदार बनवायला हवी होती. स्वतःचा गळा कापायला तरी उपयोगी पडली असती.

"आना हिकडं!" तात्यांनी कट्यार हिसकावली, टोकावर अंगठा फिरवला, चमकले, पुन्हा फिरवला. ओवाळणीच्या ताटातलं लिंबू उचललं आणि नांगर धरणाऱ्या त्या हातानं सगळा जोर लावला.

पिचकारी उडाली.

"आयोऽव!" तात्या डोळा धरून खालीच बसले.

एवढ्या गलक्यानं प्राजक्ता शालू सावरत खोलीतून बाहेर आली. समोर नवरा रडतोय, बाप रडतोय, सासू रडतेय आणि मध्ये मी कट्यार उचलून उभा!

"काय झालं काय?"

"लिंबू!" नवरा आणि बाप एकदमच म्हणाले.

तिनं माझ्या हातातली कट्यार घेतली, टोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मनगटावरचा केसांचा रबर काढून लिंबू पात्याला दोन वेढ्यांत बांधून टाकलं. "टोचलंच पायजे असं कुटं हाय? बाबा, उठा. डोळं धुवा. ह्यांचंबी धुवा. भटजी कवाधरनं घड्याळ बगत्यात."

मंगलाष्टकं वेळेवर झाली. त्या पोरीचे उपकार मी कसे फेडणार? आमची अब्रू, ताईचा जीव, सगळं तिनं एका रबरावर तोलून धरलं. आणि तात्यांचेही उपकार! दुसरा कोणी असता तर त्यानं एवढ्या कारणावरून वैर धरलं असतं. हे मात्र पंगतीत माझ्या शेजारी बसले, एक डोळा मिटून मला जिलबी भरवली आणि म्हणाले, "पावनं, ज्याच्या हत्यारानं लिंबू न्हाई कापत, त्याच्या घरात पोर दिलीया. आता मला कसला घोर न्हाई." माझेच डोळे भरून आले. (लिंबाशिवाय.)

यंदा तात्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. पहिली पत्रिका द्यायला ते माझ्याकडे आले, शेडमध्ये बसून चहा प्यायले, प्रत्येक तलवारीवर अंगठा फिरवून "झ्याक!" म्हणाले. मी कृतज्ञतेनं भारावून गेलो. ते गेल्यावर सुनंदानं पत्रिका मोठ्यानं वाचली. तळाशी छापलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.' आणि त्याखाली, फक्त आमच्या पत्रिकेवर, पेनानं लिहिलं होतं, 'कट्यारीची सोय झाली आहे. आपण नुसते जेवायला यावे.'