चाचांच्या अंगणातला युरोप

हिंगोलीच्या शाळेत मी इतिहास शिकवायला लागलो तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि सगळं शिक्षण उर्दूतून चालायचं. माझी उर्दू पुस्तकी. म्हणून वरच्या वर्गाच्या पाठाचं टाचण काढायला मी शाळेतल्या सर्वांत जुन्या मास्तरांकडे जाऊ लागलो. वयानं ते माझ्या वडलांएवढे. मी त्यांना चाचा म्हणायचो. त्यांची नजर अधू झाली होती. इंग्रजी पुस्तक मी वाचायचं आणि उर्दू वाक्य त्यांनी जुळवायचं, असं ठरूनच गेलं. शुक्रवारी सुट्टी असे. नमाजाहून ते परतले की आम्ही अंगणात बसायचो.

व्हिएन्नाच्या परिषदेचा पाठ दरसाल आमचा जीव काढी. फ्रान्सचा बादशहा हरला, युरोपभरची लढाई थांबली आणि जिंकलेले राजे जुन्या गाद्या पुन्हा बसवायला व्हिएन्नात जमले. ज्या पोरांनी परभणीपलीकडचं काही पाहिलं नाही त्यांना हे सांगायचं कसं? एकदा मी अंगणात चुन्यानं युरोप काढला. चाचांनी घरातून धान्य मागवलं. रशियाला ज्वारी, ऑस्ट्रियाला तूर, प्रशियाला मूग. सरहद्दी ठरवता ठरवता आमचं लक्ष नव्हतं तेवढ्यात कोंबडीनं निम्मा प्रशिया खाल्ला. चाची दारातून म्हणाल्या, "तुमचा युरोप झाला असंल तर तूर द्या, वरण टाकायचंय."

पाठाचा गाभा कोणता, यावर मात्र आमचं कधी जमलं नाही.

मी म्हणायचो, "लोकांनी एकदा मोकळा वारा पाहिला होता. राजांनी त्यांना परत दाबलं, हे पोरांना कळलं पाहिजे."

"ते सांगाच," चाचा म्हणायचे, "पन हे बी सांगा, हरलेल्या फ्रान्सला त्यांनी बैठकीत बसवलं. त्याचं घर जाळलं न्हाई."

"त्यांना आपली गादी सांभाळायची होती, चाचा. दया न्हाई."

"असंल. पन जाळलं न्हाई. व्हय का न्हाई?"

चहा निवून जायचा. पुढच्या शुक्रवारी याहून चांगला जवाब आणायचा, असं ठरवून मी उठायचो.

निजामाची गादी टिकावी असं त्यांना वाटे, जावी असं मला. दोघांनाही एकमेकांचं मन ठाऊक होतं, पण आम्ही भांडलो ते नेहमी युरोपावरूनच.

मग ते शेवटचं साल आलं. खेड्यापाड्यांत निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. सेनगावकडची कितीतरी घरं वऱ्हाडात पळाली. मीही बायकोला आणि लेकराला वाशीमला सोडून आलो. त्या दिवसांत शाळा सुटली की चाचा काठी टेकत माझ्या दारापर्यंत यायचे. "मला इकडंच काम हाय," म्हणायचे. त्यांचं इकडे काहीच काम नव्हतं.

भारताची फौज आली आणि थोड्याच दिवसांत सगळं उलटलं. आता त्यांच्या मोहल्ल्यातली दारं दिवसाही बंद राहू लागली. मग मी त्यांना घरापर्यंत सोडायला जाऊ लागलो.

एक दिवस जावई त्यांना हैदराबादला न्यायला आला. स्टेशनवर मी म्हणालो, "काहून जाता चाचा? आमी हाओत ना."

"तुमी हात म्हणून तर इतके दिवस राहिलो," ते म्हणाले. चाचींनी माझ्या लेकरासाठी खारका दिल्या. गाडी पूर्णेकडे निघाली. त्यांना फलाटावरचा मी दिसत नसणार, तरी ते माझ्या बाजूला हात हलवत होते.

शाळा पुन्हा भरली, आता मराठीतून. काही बाकं रिकामी होती. व्हिएन्नाचा पाठ आला तेव्हा मी आधी हरलेल्यांना बैठकीत बसवल्याचं सांगितलं, आणि मग बाकीचं. एका मुलानं विचारलं, "गुरुजी, तिथं बसून त्यांना बरं वाटलं असंल का?"

चाचांनी काहीतरी सांगितलं असतं, मला ते पटलं नसतं, आणि आम्ही दिवस मावळेपर्यंत वाद घालत बसलो असतो. तसा वाद घालायला मला पुन्हा कुणी भेटलं नाही.